गतिरोधक मागण्याआधी: गावाने मिळून आपला रस्ता सुरक्षित कसा करून घ्यायचा

आमच्या फाट्यावर अपघात झाला की तीन गोष्टी ठरलेल्या असायच्या. आधी रास्ता रोको, मग निवेदन, आणि मग रातोरात कुणीतरी जेसीबीवाल्याला सांगून टाकून घेतलेला मुरुमाचा आडवा ढीग, ज्याला आम्ही स्पीडब्रेकर म्हणायचो. पलूस-तासगाव पट्ट्यातल्या गावांना हे नवं नाही. माझं खतं-बियाण्यांचं दुकान फाट्यावरच आहे, त्यामुळे तिन्ही प्रकार मी गल्ल्यावर बसून पाहिलेत. निवेदनावर दोनदा सहीही केली आहे. पहिलं निवेदन ज्या कार्यालयात दिलं, तिथून पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तोवर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होऊन संपलाही होता.

त्यानंतर चुका करत जे शिकलो ते क्रमाने लिहितोय. तुमचं गाव सांगली जिल्ह्यात असो की सातारा जिल्ह्यात, वाट साधारण हीच आहे.

रस्ता कुणाचा, हे आधी शोधा

आपल्यासाठी तो एकच डांबरी पट्टा, पण सरकारी दप्तरात त्याचे मालक वेगवेगळे. राष्ट्रीय महामार्ग एकतर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे, शहरातले रस्ते पालिकेकडे किंवा महापालिकेकडे. कार्यालयात गेलात की रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा असे शब्द कानावर येतील. ती याच वर्गवारीची लघुरूपं आहेत, बिचकू नका.

ओळखायचं कसं? किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. दगड गाडला गेला असेल किंवा त्यावर कुणाच्या वाढदिवसाचा रंग चढला असेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन नमुना २३ मागा. ही ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. त्यात तुमचा रस्ता नसेल तर तो वरच्या कुणाचा तरी आहे एवढं नक्की झालं. मग बांधकाम उपविभागात जाऊन शाखा अभियंत्यांना रस्त्याचा क्रमांक आणि तुमच्या ठिकाणाचा किलोमीटर विचारा. हे दोन आकडे कागदावर आले की पुढचं निम्मं काम हलकं होतं.

शहरालगतच्या लोकांनी जास्त जपून राहावं. साताऱ्यात २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग पालिकेत आला. अशा ठिकाणी जुन्या सवयीने जुन्या दारात अर्ज देणारे अजून भेटतात.

आणि फाटा असेल तर मालक बहुधा दोन. मोठा रस्ता एका खात्याचा, त्याला येऊन मिळणारा गावाचा रस्ता दुसऱ्याचा. फाटा म्हणजे दोन घरांची सामाईक भिंत, डागडुजी दोघांनी एकमेकांवर ढकलायची. पत्र दोघांनाही द्या आणि प्रत्येकाच्या पत्रात दुसऱ्याला प्रत दिल्याचं नमूद करा.

बैठकीला जे येत नाहीत, त्यांच्यासाठीच बैठक घ्या

आमची पहिली बैठक पारावर रात्री आठला झाली. आलो आम्ही, म्हणजे चाळिशीपुढचे, दुचाकी-चारचाकीवाले पुरुष. तासाभरात एकमत: गतिरोधक पाहिजे. बैठक संपली.

आता आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे शंभरातली ६४ माणसं या दोन गटांतली. पायी चालणारं माणूस पारावरच्या बैठकीत बोलत नाही. बरेचदा ते तिथे नसतंच.

म्हणून बैठका वेगवेगळ्या घ्या, लहान घ्या, आणि माणसं जिथे असतात तिथे जाऊन घ्या. बचत गटाच्या बैठकीत शेवटची वीस मिनिटं मागून घ्या. आमच्याकडे तिथे पहिल्याच दिवशी जे निघालं ते पारावर कुणाच्या डोक्यातही नव्हतं. भांगलणीला जाणाऱ्या बायका सकाळी फाट्यावर टेम्पोची वाट बघत उभ्या राहतात त्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, कारण साईडपट्टीवर वेडी बाभूळ माजलेली आणि तिच्या काट्यांत पदर अडकतो. यावर गतिरोधक काय करणार? तिथे कोयता हवा होता.

शाळेत जा. मुख्याध्यापकांशी बोलून पाचवी-सहावीच्या पोरांना घर ते शाळा असा नकाशा काढायला सांगा आणि भीती वाटते तिथे लाल खडूने फुली मारायला सांगा. पोरं खोटं बोलत नाहीत आणि मोठ्यांना सुचत नाही ते काढतात. ‘इथं कुत्री असत्यात म्हणून आम्ही पळत रस्ता ओलांडतो’ हे एका नकाशावर लिहिलेलं होतं. सहा जणांनी त्याच जागी फुली मारली होती.

एसटीच्या चालक-वाहकांशी थांब्यावर दोन मिनिटं बोला. दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला जा. ऊसतोड मजुरांच्या कोपीवर जा. ही माणसं चार-पाच महिने आपल्या रस्त्यावर अंधारात बैलगाडी हाकतात आणि आपण त्यांना गावचे धरत नाही. त्यांना विचारलं की कळतं, गाडीच्या मागे लाल चमकपट्टी का नसते, आणि असली तर उसाच्या वाढ्यांखाली कशी झाकली जाते.

ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती वहीतच होते. ती खरोखर भरवा आणि रस्ता हा विषय तिथे आधी घ्या.

रस्ता पायी चाला, चार वेळा

एकदा चालून भागत नाही. पहाटे दूध घालायच्या वेळी, शाळा भरताना किंवा सुटताना, रात्री आठनंतर, आणि एकदा भर पावसात. आठवडी बाजार असेल तर तो दिवस वेगळा धरा. सोबत आठ-दहा जणच असावेत, एक आजी, एक शाळकरी पोर आणि एक दुचाकीवाला त्यात असलाच पाहिजे. मोजपट्टी, खडू, मोबाईल आणि एक वही. रस्त्यात उभं राहून चर्चा करू नका. आमच्यातले दोघे तसं करताना ट्रॅक्टरच्या हॉर्नने उडाले होते, रस्ता सुरक्षेच्या पाहणीत.

काय बघायचं? सगळ्यात आधी दिसतं किती लांबून. रस्ता ओलांडायच्या जागी उभं राहा आणि येणारं वाहन पहिल्यांदा कुठे दिसतं तिथवर अंतर मोजा. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या हिशेबाने ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनाला बघून थांबायला ८० मीटर लागतात, ४० च्या वेगाला ४५ मीटर. तुमच्या वळणावर वाहन ५० मीटरवर दिसत असेल आणि ते साठने येत असेल, तर ड्रायव्हर कितीही चांगला असो, तो वेळेत थांबेल याची खात्री नाही. अंतर कशामुळे कमी झालंय ते लिहा: वळणाच्या आतल्या अंगाचा ऊस, बाभूळ, फ्लेक्स, उभा ट्रक, कुणाची भिंत. आणि हे मोजताना खाली वाकून शाळकरी पोराच्या उंचीवरूनही बघा. जो कठडा आपल्याला अडवत नाही तो त्याला पूर्ण झाकतो.

मग ओलांडायला लागणारा वेळ. दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर धरला तर सहा सेकंद लागतात, आजींना आठ-नऊ. साठने येणारी गाडी सहा सेकंदांत १०० मीटर कापते. आजींना स्टॉपवॉच लावून प्रत्यक्ष ओलांडायला लावा, अर्थात रस्ता मोकळा असताना. हा आकडा पुढे अभियंत्यांसमोर फार उपयोगी पडतो.

बाकी गोष्टी भराभर: डांबराच्या कडेला साईडपट्टी किती खाली गेली आहे (वीतभर खड्डा असेल तर बाजूला उतरलेली दुचाकी परत वर चढताना आडवी होते), मोरीला कठडा आहे का, पाणी कुठे साचतं, दिव्याच्या खांबांपैकी किती जळतात, एसटीचा थांबा वळणावर तर नाही, फलक झाडामागे तर नाही.

मोजा. मोजल्याशिवाय बोलू नका

‘गाड्या फार जोरात जातात’ हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं आणि प्रत्येक टेबलावर त्याची किंमत शून्य असते. वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा. एकजण पहिल्या खुणेशी हात वर-खाली करेल, दुसरा दुसऱ्या खुणेपाशी स्टॉपवॉच धरेल. गाडीला दोन खुणांमधून जायला लागलेल्या सेकंदांनी १८० ला भागा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. तीन सेकंद लागले तर ६०, साडेचार लागले तर ४०, सहा लागले तर ३०. चुका होतात, पण शंभर गाड्या मोजल्या की चित्र खरं निघतं. खुणा ठळक करू नका आणि मोजणारे झाडाआड बसवा. लोक दिसले की गाड्या आपोआप हळू होतात.

अकरावी-बारावीच्या पोरांना हे काम द्या. आमच्या पोरांनी ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं केलं, चौकार-षटकारांसकट. मी रागावलो नाही, आकडे नीट होते.

त्याच तासात मोजायचं आणखी एक: किती जण ओलांडतात, कुठून ओलांडतात, आणि किती वेळा कुणाला थबकावं, पळावं किंवा ब्रेक मारावा लागला. हे ‘थोडक्यात वाचलं’ प्रसंग कुठल्याच सरकारी नोंदीत नसतात. ते फक्त गावाला माहीत असतात. पोलिसांच्या नोंदी आता ई-डार या राष्ट्रीय संगणक प्रणालीत ठिकाणासह चढतात, पण तिथे पोहोचतो तो झालेला अपघात. न झालेल्याची वही गावाने ठेवायची. दुकानात एक शंभरपानी वही ठेवली तरी पुरते: तारीख, वेळ, जागा, काय झालं. नावं लिहू नका. गाव लहान असतं, आणि वहीपायी भावकीत वाद व्हायला वेळ लागत नाही.

झालेल्या अपघातांसाठी पोलीस ठाण्याला साधं पत्र द्या: मागच्या तीन वर्षांत अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर किती अपघात, त्यात मृत्यू किती, गंभीर जखमी किती. माहिती मिळाली नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. तीनच वर्षं का? केंद्रीय मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी ठरवलेली ब्लॅक स्पॉटची व्याख्याच तशी आहे. सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. तुमची जागा त्यात बसत असेल तर तसं ठणकावून लिहा. बसत नसेल तर खोटं बसवू नका, वेगाचे आणि थोडक्यात वाचल्याचे आकडे मांडा. ब्लॅक स्पॉट व्हायची वाट बघत बसणं म्हणजे आणखी माणसं मरायची वाट बघणं, हे समजणारे अधिकारी मला भेटले आहेत. न समजणारेही भेटले.

उपाय मागताना

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण गावं इथेच फसतात.

गतिरोधक हा अनेक उपायांपैकी एक आहे, सगळ्या दुखण्यांवरचं औषध नव्हे. मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने सुखाने पार होईल असा. आधी फलक, वर पांढरे पट्टे. आपल्याकडचे मुरुमाचे आणि डांबराच्या टोपल्या ओतून केलेले उंचवटे यातल्या कशातच बसत नाहीत. अंधारात ते दिसत नाहीत, मागे बसलेली बाई उडते, गरोदर बाईला नेणारी १०८ थांबते, उसाच्या ट्रॉलीचा पिन तुटतो. शिवाय दोन्ही कडांना फटी राहतात, तिथून दुचाकी साईडपट्टीवर घुसतात, म्हणजे बरोब्बर जिथे माणसं चालतात तिथे. राष्ट्रीय महामार्गावरचे गतिरोधक तर काढून टाका, असे आदेश केंद्रीय मंत्रालयाने २०१६ सालीच दिले आहेत, तेव्हा पुणे-बंगळूर महामार्गावर ते मागितले तर तुमचं पत्र पहिल्याच टेबलावर मरतं. तिथे सेवारस्ता, भुयारी मार्ग, रंबलर (चाकाखाली खडखडणारे रस्त्यावरचे आडवे जाड पट्टे), दिवे, दुभाजकातली बेकायदा फट बंद करणं, अशी भाषा करावी लागते. तातडीची तक्रार असेल तर १०३३ हा महामार्ग हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

राज्य मार्गावर किंवा जिल्हा मार्गावर गाव लागलं की ड्रायव्हरला ‘गाव आलं’ हे कळत नाही, हा खरा आजार. डांबर तेवढंच रुंद, सरळ, गुळगुळीत. मग पाय एक्सलेटरवरून उठेल कशाला? म्हणून वेशीपासूनच रस्ता बदललेला दिसला पाहिजे: वेगमर्यादेचा फलक, रंबलरचे पट्टे, कडेच्या पांढऱ्या रेघा आत घेऊन अरुंद केलेली लेन, शाळेसमोर झेब्रा आणि जमलं तर उंचावलेला झेब्रा, रस्ता रुंद असेल तर मधोमध थांबायला छोटं बेट, म्हणजे आजींना एका वेळी एकाच बाजूकडे बघावं लागेल. रंबलरचा खडखडाट रात्रभर कुणाच्या तरी उशाशी होणार आहे. ते घर कुणाचं ते आधी बघा आणि त्या घरी जाऊन बोला. हे न केल्यामुळे एका शेजारच्या गावात रंबलर दोन महिन्यांत खरवडून काढलेले मी पाहिलेत.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक हिशेब मी सगळ्यांना सांगतो: सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्के वाढतो. याची दुसरी बाजू अशी की थोडासाच वेग उतरला तरी माणसं वाचतात. सगळं बदलून मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

काही उपायांना पैसाच लागत नाही. एसटीचा थांबा वळणावरून शंभर पावलं पुढे सरकवणं. शाळेच्या वेळेत डंपर आणि जड वाहनांना गावातून बंदी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये अशा निर्बंधाची सोय आहे, प्रस्ताव पोलिसांमार्फत जातो. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांशी हंगामाआधी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या दरम्यान बसून बोलणं: प्रत्येक ट्रॉलीला, अंगदला (ट्रॅक्टरला जोडायच्या ऊसगाडीला), बैलगाडीला चमकपट्टी, ट्रॅक्टरचा टेपरेकॉर्डर कमी, आणि बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगड न ठेवता त्रिकोणी फलक. ट्रॉली काढून नेतात आणि दगड तिथेच राहतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

जमलं तर उपाय आधी करून बघा. पोलिसांची आणि रस्ता ज्यांचा त्या खात्याची लेखी परवानगी घेऊन एका शाळकरी सकाळी शंकू, दोरी आणि रांगोळीने बेट आणि झेब्रा आखा, पुन्हा स्टॉपवॉच लावा. लोकांना कागदावरचं बेट कळत नाही, रांगोळीचं लगेच कळतं. ट्रॅक्टर वळत नाही, असा आक्षेप येणारच, तर ट्रॅक्टरच आणून वळवून बघा. आमच्याकडे खरंच वळला नाही, बेट हातभर सरकवावं लागलं. बांधून झाल्यावर कळलं असतं तर?

आपल्याच पायऱ्या

आता अवघड जागेचं दुखणं. चालणारा माणूस डांबरावर का चालतो? कारण कडेची जागा आपण खाल्लेली असते. दुकानाच्या पायऱ्या, पत्र्याचे शेड, कट्टे, उकिरडे, वाळूचा ढीग, लग्नाचा मांडव. मोजणी केली तेव्हा माझ्याच दुकानाचा पत्रा चार फूट बाहेर निघाला. बैठकीत मी रस्त्याविषयी बोलत होतो आणि पोरं खाली मान घालून हसत होती.

मी पत्रा काढला. थोरपणा म्हणून नव्हे, तर दुसऱ्याला सांगायला तोंड राहावं म्हणून. यात एक नियम पाळा: सुरुवात समितीत बसलेल्यांपासून, मग पुढाऱ्यांच्या दारापासून, आणि सगळ्यात शेवटी हातगाडी आणि भाजीवाल्या बायका. उलटं केलंत तर गाव तुमच्यावर हसेल आणि खरंच अन्याय होईल. भाजीवाल्यांना उठवायचं असेल तर बसायची दुसरी जागा आधी आखून द्या, गिऱ्हाईक तिथवर पोहोचेल अशी. झाडांचंही तसंच. फांदी आणि बाभूळ छाटा, बुंध्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. मिरज तालुक्यातल्या भोशाचा शेकडो वर्षांचा वड २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत तुटणार होता. गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले आणि आखणी बदलली गेली. राष्ट्रीय महामार्गाची रेघ हलू शकते, तर आपल्या फाट्याची आखणी हलवता येईल. मात्र बोलायचं ते रेघ कागदावर असताना.

ठराव

ग्रामसभा आपल्याकडे सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास भरते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या, आयत्या वेळच्या विषयात घुसडू नका. ग्रामसेवक, ज्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, त्यांच्याशी मसुदा आधीच बसवून घ्या.

ठराव गोलमाल नको. ‘रस्ता सुरक्षित करावा’ यावर कुणीही अंदाजपत्रक करू शकत नाही. असा लिहा: ‘प्रजिमा क्रमांक अमुक, किलोमीटर अमुक ते अमुक या लांबीत जिल्हा परिषद शाळेसमोर विद्यार्थी व वृद्ध रस्ता ओलांडतात. सोबत जोडलेल्या मोजणीनुसार वाहनांचा वेग व दृश्य अंतर धोकादायक आहे. तरी या लांबीत वेगमर्यादा फलक, कडेच्या रेघा, शाळेसमोर उंचावलेला झेब्रा व दोन्ही बाजूंस साईडपट्टी भरणे ही कामे मानकांप्रमाणे करावीत, व त्यापूर्वी ग्रामस्थांसह संयुक्त पाहणी करावी.’ सूचक-अनुमोदकांत एक तरी बाई असू द्या. जोडीला नकाशा, मोजणीचा तक्ता, सहा फोटो. सहाच. साठ फोटो कुणी बघत नाही.

गावठाणातली कामं ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात बसवा. त्याची जुळवाजुळव २ ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून मोजणी सप्टेंबरअखेर हातात हवी. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी-स्वच्छतेचा, रस्त्याला हात घालायचा तो अबंधितात. मोठ्या रस्त्याचं काम राज्याच्या मार्चच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत जातं, नाहीतर जिल्हा नियोजन समितीतून. ती समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तिथे आमदारांचं पत्र कामाला येतं. पत्र घ्या, फ्लेक्स लावायचं कबूल करू नका. तो फ्लेक्स वळणावरच लागतो.

कुठल्या दारात, कधी

मूळ प्रस्ताव रस्त्याच्या मालक खात्याच्या उपअभियंत्यांकडे. प्रती पोलीस ठाणे, परिवहन कार्यालय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. ही समिती मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ खालची आहे, त्यात पोलीस, बांधकाम, परिवहन, आरोग्य एका टेबलाभोवती असतात. दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर सोडवणूक इथेच होते. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये किंवा साताऱ्यात राहत असाल तर ग्रामसभेच्या जागी प्रभागातले नगरसेवक आणि शहर अभियंता, बाकी क्रम तोच.

प्रत्येक कागदाची पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून आम्ही एकदा पोच घेतली नाही. साहेबांची बदली झाली.

संयुक्त पाहणीला अभियंते आले की चहापाण्याआधी त्यांना शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर उभं करा. काही बोलू नका, दहा मिनिटं बघू द्या. कायद्यात कलम १९८ अ आहे: रस्त्याच्या रचनेत आणि देखभालीत मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. ते तुम्हाला माहीत असू द्या. पहिल्याच भेटीत तोंडावर फेकू नका, समोरचा माणूस फाईल मिटून घेतो.

काम सुरू झाल्यावर

अंदाजपत्रकाची आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घ्या आणि पारावर लावा. पट्टी लावून गतिरोधकाची उंची मोजणारी दोन पोरं नेमा. दिवसा काम करणारे रात्री खडी आणि ड्रम तसेच टाकून जातात, तिथे दिवा आणि चमकपट्टी आहे का ते त्याच रात्री बघा. दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती ते विचारून वहीत लिहा. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराची असते. बिलाआधी गावाची पाहणी व्हावी असा आग्रह धरा, कायद्याने नाही तर शेजारधर्माने तरी.

मग तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच वारी, त्याच तासाला पुन्हा स्टॉपवॉच. वेग उतरला नसेल तर तसं लिहून कळवा. उतरला असेल तरी कळवा, कारण चांगल्या कामाचं पत्र अभियंत्यांना सहसा कुणी पाठवत नाही आणि पुढच्या वेळी तेच पत्र तुमच्यासाठी दार उघडतं.

आमच्या शंभरपानी वहीतली शेवटची नोंद मागच्या सोमवारची आहे: शाळेसमोरचा झेब्रा पुसट झालाय, ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत रंग हवा. पत्र दिलं. पोच घेतली.